शिक्षक न बोलतां काय शिकवितो?

शाळेंतील अध्यापनाचा विचार करावयाचा म्हटला म्हणजे आपल्याकडे बहुधा तीन गोष्टींची चर्चा होते : पाठ्यपुस्तक कसें आहे, अभ्यासक्रम किती आहे, आणि शिक्षकास विषय कितपत येतो. चौथी एक गोष्ट वर्गांत सकाळपासून सायंकाळपर्यंत अखंड चालू असते. परंतु तिचा उल्लेख ना तपासनिसांच्या शेऱ्यांत आढळतो, ना पालकांच्या तक्रारींत. ती गोष्ट म्हणजे शिक्षकाचें शरीर. तो कोठें उभा राहतो, कोणाकडे पाहतो, प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो, चुकीचें उत्तर आलें असतां त्याच्या कपाळावर काय उमटतें, हें सर्व मुलें वाचीत असतात. फळ्यावरील अक्षरें लागावयाच्या आधींच तीं ही लिपि आपल्या आईबापांच्या मुद्रेवरून शिकून आलेलीं असतात.

यास आजकाल ‘देहबोली’ असें नांव पडलें आहे. शब्द नवा असला तरी वस्तु जुनी आहे. नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगतांना आंगिक अभिनयास पहिलें स्थान दिलें आहे; वाचिक त्याच्या मागून येतो. शेवटीं सांगितला तो सात्त्विक, कीं जो मनाची एकाग्रता असल्याखेरीज साधत नाहीं. शिक्षक हा नट नव्हे हें खरें. पण यांतील पहिल्याचा व शेवटल्याचा संबंध काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अंगावर जें दिसतें तें मनांतल्या कशाचें द्योतक असतें, आणि त्यानें मुलाची विद्या वाढते कशी व खुंटते कशी, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

मावळ तालुक्यांत ज्यांनीं आषाढ-श्रावणांत शाळा चालविली आहे, त्यांस हा विषय पुस्तकावांचूनहि समजतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सर्व पावसाळ्याच्या चार महिन्यांत. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील पुष्कळ शाळांवर पत्रे आहेत. सरीनें जोर धरला म्हणजे त्या पत्र्यांवर असा कडकडाट होतो कीं, दुसऱ्या रांगेंतल्या मुलासहि गुरुजींचा शब्द ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं अध्यापनांतून वाणी वजा होते व उरतें तें केवळ शरीर. आम्हीं अशा दुपारीं दोन प्रकारचे शिक्षक पाहिले आहेत. एक खुर्चींत मागें रेलून पाऊस ओसरण्याची वाट पाहत बसत. त्यांच्या वर्गाचा पांच मिनिटांत आठवड्याचा बाजार होई. दुसरे एक गुरुजी, पवन मावळांतील एका वाडीवरचे, खडू घेऊन मुलांच्या मधोमध बसकण मारीत, पाटीवर एक बेरीज मांडीत, एका मुलाकडे पाहून भुवई उंचावीत, आणि थांबत. मूल उत्तर लिही. तें बरोबर असलें तर गुरुजींची मान हले. चुकलें तर बोट त्या अंकावर जाऊन स्थिर राही, मुद्रा मात्र बदलत नसे. अर्धा अर्धा तास एक शब्द न उच्चारतां गणित चाले. पाऊस थांबे तेव्हां वर्ग धड्यांत एक पाऊल पुढें गेलेला असे.

या खोऱ्यांतली दुसरी अडचणहि शिकविण्यासारखी आहे. लहान वाड्यांवरील शाळा बहुधा द्विशिक्षकी. एकाच शिक्षकाकडे दोन, प्रसंगीं तीन इयत्ता. पहिलीस अक्षरें गिरवावयास देऊन तो तिसरीस भागाकार सांगतो. त्याची वाणी एका इयत्तेची असते, पण डोळे दोन्हींचे असावे लागतात. फळ्यावर लिहितांना तो खांदा तिरपा ठेवून उभा राहिला, तर पहिलीचीं मुलें आपल्या कामांत राहतात. त्यानें पुरती पाठ फिरविली कीं, आतां आपल्याला कोणी धनी नाहीं हें त्यांस तत्काळ कळतें. त्यासाठीं त्यांस कोणी कांहीं सांगावें लागत नाहीं.

मूल शिक्षकाचें शरीर किती बारकाईनें वाचीत असेल, याची कल्पना यावी म्हणून एका घोड्याची हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. बर्लिन शहरीं विल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीं हान्स नांवाच्या आपल्या घोड्यास गणित शिकविल्याचा मोठा लौकिक झाला. सात आणि पांच किती, असें विचारलें कीं घोडा खुरानें बारा ठोके देई. १९०४ सालीं जाणत्या लोकांच्या एका मंडळानें पाहणी केली. लबाडी कांहीं सांपडली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें कसून प्रयोग केले व १९०७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रश्न करणारासच उत्तर ठाऊक नसलें, अथवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, म्हणजे हान्सचें गणित सपशेल चुके. प्रश्न विचारल्यावर मनुष्य ठोक्यांकडे पाहण्यासाठीं नकळत मान किंचित् खालीं घेई, आणि योग्य आंकडा येतांच ती नकळत केसभर वर उचली. घोडा तेवढेंच वाचीत होता. सर्वांत नवलाची गोष्ट अशी कीं, हें मर्म उमगल्यावरहि फुंग्स्टला स्वतःच्या अंगावरची ती खूण दाबून टाकतां येईना.

यावरून शिक्षकानें दोन गोष्टी घ्याव्या. मानेची केसभर हालचाल जर पशूस वाचतां येते, तर सहा वर्षांच्या मुलास ती खचित वाचतां येते. वर्गांत ‘सहा?... सात?... आठ?’ असें म्हणत गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून पाहणारें मूल आपणां सर्वांस परिचित आहे. तें आंकडे शिकत नसून गुरुजी शिकत असतें, आणि परीक्षेच्या दिवशीं गुरुजी समोर नसले कीं त्याची गति हान्ससारखी होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अंगावरची खूण केवळ ठरवून लपत नाहीं. मनांत एक व मुद्रेवर दुसरें, हा व्यवहार दहा मिनिटांच्या भाषणांत कदाचित् साधेल. दहा महिन्यांच्या वर्षांत साधणें नाहीं.

मग मूल या सर्व खुणांतून शोधतें तरी काय? आमचा अनुभव असा कीं, तें मुख्यतः एकाच प्रश्नाचें उत्तर शोधीत असतें : ‘हें मला येईल, असें यांना वाटतें कीं नाहीं?’ अमेरिकेंत रॉबर्ट रोझेन्थाल व लिनोर जेकबसन यांनीं एका प्राथमिक शाळेंत केलेला प्रयोग १९६८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. शिक्षकांस कांहीं मुलांचीं नांवें देऊन, हीं मुलें यंदा विशेष चमकतील असें कसोटीवरून दिसतें, असें सांगण्यांत आलें. वस्तुतः तीं नांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडलेलीं होतीं. वर्षअखेर बुद्धिमापनाच्या कसोटींत त्या मुलांची प्रगति, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, इतरांहून अधिक भरली. या प्रयोगावर पुढें पुष्कळ आक्षेप आले, आणि असा परिणाम होत असला तरी तो सरासरीनें लहान असतो असेंच नंतरच्या अभ्यासकांचें बहुधा मत पडलें. तेव्हां शिक्षकाच्या अपेक्षेनें वाटेल तें घडतें, असें कोणीं मानूं नये. परंतु ज्या मुलांस समाजांत आधींच कमी लेखलें जातें, त्यांच्यावर हा परिणाम अधिक होतो असें कांहीं अभ्यासांत दिसून आलें आहे, आणि ही बाब मावळांतल्या शिक्षकानें विसरतां कामा नये. ज्याच्या घरीं आजोबा श्लोक सांगतात, त्या मुलास गुरुजींची एक आंबट मुद्रा पचते. ज्याच्या घराण्यांत पाटी प्रथमच आली, त्यास ती पचत नाहीं.

अपेक्षा बाहेर कशी पडते, हेंहि पाहण्यासारखें आहे. मेरी बड रो या बाईंनीं वर्गांतील संभाषणांचें बारकाईनें मापन करून १९७४ सालीं जो लेख लिहिला, त्यांत असें दाखविलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें एक सेकंदहि थांबत नाहीं. तेवढ्यांत उत्तर न आलें तर प्रश्न पुन्हां विचारतो अथवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. हेंच थांबणें तीन सेकंदांवर नेलें असतां उत्तरें लांब व सकारण येऊं लागलीं, मौन कमी झालें, आणि मागें पडलेलीं म्हणून गणलेलीं मुलेंहि बोलूं लागलीं. त्यांस आणखी असें आढळलें कीं, शिक्षक ज्यांस हुशार समजत त्यांच्यासाठीं ते, ज्यांस मंद समजत त्यांच्यापेक्षां जवळजवळ दुप्पट वेळ थांबत. म्हणजे ज्याला वेळ अधिक हवा त्यालाच कमी! असें करावें असें कोणाहि शिक्षकानें ठरविलेलें नसतें. नजर आपली आपणच पुढल्या बाकाकडे जाते, पाय आपले आपणच ओळखीच्या वाटेनें चालतात.

आमच्या पाहण्यांतलें एक उदाहरण देतों. नाणे मावळांतील एका शाळेंत ठाकरवाडीवरची एक मुलगी दुसरींत होती. ती तोंड म्हणून उघडीत नसे. तिचे दोन वडील भाऊ याच सुमारास शाळा सोडून गुरांमागें गेले होते, आणि हीहि आज ना उद्यां जाणार असें सर्वांनीं धरूनच ठेविलें होतें. त्या वर्षीं तेथें नव्या बाई आल्या. पहिल्या आठवड्यांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ती मुलगी दाराच्या बाजूस भिंतीशीं बसते आणि त्या कोपऱ्याकडे कोणाचें पाऊलच वळत नाहीं. बाईंनीं मोठें असें कांहींच केलें नाहीं. रोजची वर्गांतली फेरी त्या कोपऱ्यांत संपवावयाची, तेथें जमिनीवर मुलीच्या बरोबरीनें बसावयाचें, एक सोपा प्रश्न विचारावयाचा, आणि मनांत पांच आंकडे मोजून मगच उठावयाचें, एवढाच क्रम ठेविला. दहा-बारा दिवस उत्तर आलें नाहीं. बाईंच्या मुद्रेवर कंटाळाहि आला नाहीं. पुढें एके दिवशीं उत्तर आलें तें ठाकरी बोलींत. वर्ग हंसला. बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं वर्गाकडे केवळ पाहिलें, आणि मुलीचा शब्द तिच्याच उच्चारानें पुन्हां म्हणून फळ्यावर लिहिला. ती मुलगी आपल्या वर्गाबरोबर चौथी उत्तीर्ण झाली. भावांस जी शाळा मिळाली तीच हिलाहि मिळाली होती. तींच पुस्तकें, तोच अभ्यासक्रम.

हातांच्या उपयोगाविषयीं आमच्या पूर्वजांनीं पुष्कळ विचार करून ठेविला आहे. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत गाणाऱ्या व घाई करणाऱ्या पाठकाच्या जोडीस मान डोलविणाराहि घातला आहे. उलट पक्षीं, हातावांचून केलेल्या पठणासहि दोष दिला आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेंत उदात्त, अनुदात्त व स्वरित हे हात वरखालीं नेऊन दाखविण्याचा परिपाठ आहे. गुरूचा हात शिष्य पाहतो, शिष्याचा हात गुरु पाहतो. स्वर चुकला तर तो कानाआधीं डोळ्यास समजतो. तात्पर्य, जी हालचाल अर्थास धरून नाहीं ती दोष, आणि जी अर्थ वाहून नेते ती विद्येचा भाग, असा विवेक त्या लोकांनीं केला होता.

शिकागो विद्यापीठांत सुझन गोल्डिन-मेडो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हेंच आजच्या शाळेंत गणितावर तपासून पाहिलें. ४ + ९ + ३ = ४ + किती, अशा जातीचीं उदाहरणें शिकवितांना बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू हातांनीं दाखविण्याची संवय मुलांस लाविली, तेव्हां शिकलेलें चार आठवड्यांनंतरहि त्यांच्यापाशीं अधिक टिकून राहिलें; केवळ तोंडानें नियम म्हणणाऱ्यांचें तितकें टिकलें नाहीं. त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली, ती शिक्षकांनीं मनावर कोरून ठेवावी. पुष्कळदां मुलाचें तोंड चुकीचें उत्तर सांगत असतें, पण त्याचा हात बरोबर जागीं जात असतो; असें मूल समजण्याच्या उंबरठ्यावर असतें. त्या क्षणीं गुरुजींचे डोळे वहींत अथवा घड्याळांत असले, तर तो उंबरठा त्यांस दिसत नाहीं. देहबोली ही दुहेरी विद्या आहे : आपली बोलावी, तशी मुलाची वाचावी.

आतां प्रश्न असा कीं, ही विद्या अभ्यासानें येते कीं उपजतच असावी लागते? कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं वाद लागतो, तेव्हां परिव्राजिका जो निवाडा करते तो प्रसिद्ध आहे : कोणाची विद्या त्याच्या ठायींच शोभते, कोणास ती दुसऱ्याच्या ठिकाणीं उतरवितां येते, ज्यास दोन्ही साधलें, त्यास शिक्षकांच्या अग्रभागीं बसवावें. उतरविण्याची ही हातोटी बव्हंशीं संवयीची आहे, असें आम्हांस वाटतें. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे स्वतः संस्कृतज्ञ व पूर्वाश्रमीं अमळनेरास अध्यापक होते. आसन व श्वास यांचे शरीरावर काय परिणाम होतात, हें यंत्रांनीं मोजून पाहण्याचा जो उपक्रम त्यांनीं आरंभिला, तो ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकांतून त्याच सालापासून प्रसिद्ध होऊं लागला. मनाचा परिणाम शरीरावर होतो हें सर्वांस ठाऊक आहे. शरीर स्थिर केलें, श्वास सावकाश केला, तर मनहि निवतें, ही त्या विद्येची दुसरी बाजू. तासाची घंटा झाल्यावर दाराशीं क्षणभर थांबून दोन दीर्घ श्वास घेऊन मग वर्गांत पाऊल टाकणारा शिक्षक, मागल्या तासाचा संताप पुढल्या मुलांवर काढीत नाहीं. याला खर्च कांहीं नाहीं.

जुन्या पंतोजींच्या हातांतली छडी हीहि देहबोलीच होती. ती पाठीवर न पडतां नुसती टेबलावर पडली असली, तरी तिचें बोलणें मुलांस स्पष्ट ऐकूं येई. छडीनें आमची पिढी घडली, असें म्हणणारे गृहस्थ अद्यापि भेटतात. छडीला भिऊन जे शाळेबाहेर गेले ते हें सांगावयास सभेंत येत नाहींत, एवढेंच. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यानें, कलम १७ अन्वयें, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंसहि बंदी घातली आहे. छडी गेली हें उत्तम झालें. पण उपहासाचें हंसणें, वही फेंकल्यासारखी परत देणें, नांव घेतांना ओठ मुरडणें, यांस कोणता तपासनीस पकडणार? तेथें शिक्षकाचा विवेक हाच कायदा.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. हल्लीं व्याख्यानांतून असें सांगण्याची रूढि पडली आहे कीं, संभाषणांत शब्दांचें महत्त्व केवळ शेंकडा ७, बाकी ९३ स्वराचें व मुद्रेचें. हे आंकडे अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून घेतलेले आहेत, आणि ते प्रयोग आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. भागाकार, संधि किंवा इंद्रियविज्ञान शेंकडा ९३ मुद्रेनें शिकवितां येत नाहीं. ज्यास विषय येत नाहीं, त्याचे हातवारे हे रिकाम्या भांड्याचा आवाज. आम्ही जें म्हणतों तें एवढेंच कीं, विषय येत असूनहि तो मुलापर्यंत न पोहोंचण्याचें कारण पुष्कळदां शब्दांत नसून शिक्षकाच्या पाठींत, पायांत व डोळ्यांत असतें.

शेवटीं दोन शब्द घरांतील वडील मंडळींसाठीं. एकत्र कुटुंबांत मुलाला एकच शिक्षक नसतो. आजोबा पाढे घेतात, काकू शुद्धलेखन पाहते, वडील प्रगतिपुस्तकावर सही करतात. आजोबांनीं पाढा घेतांना नजर वर्तमानपत्रांत ठेविली, किंवा वडिलांनीं मुलाची हकीकत हातांतल्या मोबाइलकडे पाहत ऐकली, तर ‘बोल, मी ऐकतों आहें’ या वाक्यावर मूल विश्वास ठेवीत नाहीं. आणि तें त्याचें चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. प्रगतिपुस्तक हातीं घेतांच मातापित्यांच्या चेहऱ्यावर जें पहिल्या क्षणीं उमटतें, तोच मुलाच्या दृष्टीनें खरा शेरा; पुढलें समजावणें हें त्यावरील टीप होय.

म्हणून आमची विनंति एवढीच आहे. आज रात्रीं मुलास एखादा प्रश्न विचाराल, तेव्हां हातांतलें काम खालीं ठेवावें, त्याच्या बरोबरीनें बसावें, आणि प्रश्न विचारल्यावर मनांत पांच आंकडे मोजावे. तेवढ्या अवकाशांत बहुधा उत्तर येईल. न आलें, तरी आपल्यासाठीं कोणी थांबलें होतें हें त्याच्या ध्यानांत राहील, आणि दुसऱ्या दिवशीं तें उत्तर शोधून आणील.